क्विल्टचं कापड: स्टार्च कधी, वाफ कधी, कोरडी इस्त्री कधी

सावली

क्विल्टचे ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, जुळत नाहीत, कोपरे पुढेमागे होतात, कडा लहरतात. अशी तक्रार आली की सल्ला ठरलेला असतो: पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, नीट धरा, मशीनचा पाय बदलून बघा. सल्ला बरोबर आहे. पण अर्धं दुखणं इस्त्रीच्या टेबलावर असतं असं माझं ठाम मत आहे आणि त्याबद्दल सलग कुठे बोलणं होत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं असं: पाणी, वाफ आणि खळ यांची सगळी कामं कापड कापायच्या आधी उरकून घ्या. एकदा कटर लागला की ब्लॉक पुरा होईपर्यंत कोरडी इस्त्री.

आता कारण. सुती धागा म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा आणि ऊब आत शिरली की हे बंध सुटतात, कापड नरम पडतं आणि ओढाल तिकडे जातं. सुकताना, गार होताना बंध पुन्हा जुळतात, पण त्या क्षणी कापड ज्या आकारात असेल त्याच आकारात. सुरकुती मोडते ती यामुळेच आणि चौकोन तिरका होऊन बसतो तोही यामुळेच. वाफेची इस्त्री कापलेल्या तुकड्यावरून ढकलत नेली की आपण ओलं कापड ताणतो आणि ते ताणलेलं माप पक्कंही करतो.

काठाला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर, कापड जवळजवळ ताणलं जात नाही. आडव्या धाग्यावर थोडं जातं. उरेब, म्हणजे ४५ अंशात, सगळ्यात जास्त. उरेब ओढताना धागे स्वतः लांबत नाहीत, उभ्या-आडव्या धाग्यांमधला काटकोन मोडतो आणि जाळी तिरकी होते. स्टार्चचा उपयोग नेमका इथे आहे. सुकल्यावर त्याचा पातळ पापुद्रा धागे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे बसतो आणि त्यांना सरकू देत नाही. म्हणून खळ दिलेल्या कापडाचा त्रिकोण हातात घेतला तर कागदासारखा उभा राहतो, बिनखळीचा मान टाकतो.

माझी पद्धत: कापड धुवून जवळपास सुकलं की उलट बाजूने स्टार्च फवारते, सगळीकडे सारखं ओलसर होईपर्यंत. मग गुंडाळी करून थोडा वेळ ठेवते, म्हणजे ते आतपर्यंत मुरतं. त्यानंतर उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री. इथे कापड अखंड आहे, दोन्ही काठ शाबूत आहेत, त्यामुळे इस्त्री सरकवली तरी चालते. पूर्ण कोरडं झालं की कापायला घ्यायचं. आटायचं तेवढंही याच टप्प्यावर आटून जातं, हा आणखी एक फायदा.

कापल्यानंतर मात्र इस्त्री उचलायची, ठेवायची, दाबायची, पुन्हा उचलायची. घासायची नाही.

तुमच्याकडे कसं करता ते लिहा. मतभेद असतील तर जरूर लिहा.

अबोली

फार वेळेवर आलेला धागा. माझा प्रश्न सरळ आहे. गडद निळ्या कापडावर स्टार्च फवारून इस्त्री केली की पांढरे पापुद्रे दिसतात, हाताने झटकले तर भुकटी पडते. फिक्या रंगांवर काहीच दिसत नाही. स्टार्च बदलू का?

टाचणी

अबोली, फिक्या रंगांवरही ते पापुद्रे असतातच, फक्त दिसत नाहीत. म्हणजे स्टार्च वरच बसतंय, आत जात नाहीये.

कारणं बहुतेक तीनच असतात. फवारल्याबरोबर इस्त्री टेकवली. किंवा एकाच वेळी खूप जाड फवारलं. किंवा घरी केलेल्या द्रावणात न शिजलेले कण राहिले. पहिल्या दोन्हींवर उपाय वर सावलीने लिहिलाच आहे, मुरू द्यायचं. कडक कापड हवं असेल तर पातळ थर दोनदा द्या, मधे सुकवा. एकदा जाड देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

तिसऱ्यासाठी माझी कृती. अर्धा लिटर पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, म्हणजे ते पांढरंशुभ्र, बोटांत कुरकुरणारं मक्याचं स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ अजिबात नको. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून दुधाळ करून घ्यायचं. बाकीचं पाणी उकळायला ठेवून त्यात हे ओतायचं आणि ढवळत राहायचं. मक्याच्या स्टार्चचे दाणे साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगून फुटतात, तेव्हा द्रावणाचा पांढरेपणा जाऊन ते पारदर्शक व्हायला लागतं. ही खूण डोळ्यांनी बघायची, घड्याळ लावायची गरज नाही. गार झालं की बारीक कापडातून गाळून बाटलीत भरायचं.

गार पाण्यात नुसतं ढवळून भरलेलं स्टार्च तळाशी बसतं. मग फवाऱ्यातून कधी नुसतं पाणी येतं, कधी गोळा येतो, नळी तुंबते ती वेगळीच. गडद कापडावर तुम्ही म्हणता ते पापुद्रे यातूनच येतात.

शिजवलेलं द्रावण आंबतं. फ्रिजमध्ये थोडे दिवस टिकतं, वास बदलला की ओतून द्यायचं.

आणि इस्त्री थोडी कमी ठेवा. इस्त्रीवरचे तीन ठिपके म्हणजे तळाचं तापमान २०० अंशांपर्यंत, दोन ठिपके १५० पर्यंत. खळ दिलेल्या कापडावर मी या दोहोंच्या मधे राहते. सगळ्यात गरम इस्त्री एका जागी रेंगाळली तर कापड टिकून स्टार्च करपतं, आणि तो पिवळट डाग लोक कापडाचा समजतात.

अबोली

टाचणी, मनापासून धन्यवाद. मी गार पाण्यातच ढवळत होते. म्हणजे माझं तिसरं कारण.

मोरपीस

सावली, खळीबद्दल शंभर टक्के सहमत. वाफेबद्दल नाही.

शिवण बसवायला कोरडी इस्त्री कमी पडते. जिथे सहा-आठ थर एकत्र येतात तिथे तर नक्कीच. भिरभिऱ्याच्या ब्लॉकचा मध्य घ्या, आठ त्रिकोणांची टोकं आणि त्यांच्या माया एका ठिपक्यावर. कोरड्या इस्त्रीने तिथे गाठ राहते आणि पुढे क्विल्टिंग करताना, म्हणजे वरचा भाग, भराव आणि अस्तर एकत्र शिवताना, सुई अडते. वाफेने ती गाठ नरम होऊन दबते.

वाफ वाईट नाही, वाफ देऊन हात चालवणं वाईट. मी इस्त्री टेकवते, वाफेचा एक झोत, इस्त्री उचलते आणि लगेच वर लाकडी ठोकळा दाबून धरते. गुळगुळीत घासलेला, पण पॉलिश किंवा वॉर्निश न केलेला कठीण लाकडाचा ठोकळा. तो ओलावा शोषून घेतो आणि उष्णता कापडात अडकवून ठेवतो. कापड गार होईपर्यंत ठोकळा हलवायचा नाही. शिवण अशी चपटी बसते की बोट फिरवलं तर कुठे आहे ते शोधावं लागतं.

तुमचंच हायड्रोजन बंधांचं कारण इथे माझ्या बाजूने आहे. बंध जुळताना कापड चपटं असेल तर ते चपटंच राहणार.

सावली

मोरपीस, ठोकळ्याचा मुद्दा मान्य. गार होईपर्यंत दाबून धरणं हे त्यातलं खरं काम आहे आणि ते बहुतेक जण करत नाहीत. गरम ब्लॉक टेबलावरून कोपऱ्याला धरून उचलला की सगळी मेहनत गेली, मग इस्त्री कोरडी असो की वाफेची.

पण नव्याने शिकणाऱ्यांना मी वाफ बंदच ठेवायला सांगेन. ठोकळा हाताशी नसतो, घाई असते आणि इस्त्री पुढेमागे नेण्याची कपड्यांची सवय हाताला असते. खळ चांगली बसलेली असेल तर दोन थरांची साधी शिवण कोरड्या इस्त्रीने उत्तम बसते. आठ थरांच्या मध्यासाठी तुमची पद्धत. किंवा मध्यावरचे दोन-तीन टाके उसवून माया गोल फिरवून चारी दिशांना पाडायच्या, म्हणजे गाठच कमी होते.

एक गोष्ट मात्र दोन्ही पद्धतींत सारखी. शिवण उघडण्याआधी, दोन्ही तुकडे एकमेकांवर आहेत तसेच, टाक्यांवर एकदा इस्त्री दाबा. याने दोरा कापडात बसतो. मग गडद तुकडा वर येईल असं ठेवून उघडा आणि इस्त्रीच्या कडेने उलगडत न्या. ही पहिली दाबणी गाळली की शिवणीच्या बाजूला बारीकशी चुणी राहते, सुलट बाजूने बघितलं तर कापड पूर्ण उघडलेलंच नसतं. ब्लॉक एखाद्या रेषेने कमी भरतो आणि आपण मायेला दोष देतो. बारा ब्लॉकच्या ओळीत प्रत्येक ब्लॉक सोळांश इंचाने चुकला तर ओळ पाऊण इंच चुकते.

कवडसा

तयार कापून मिळणारे तुकडे वापरणाऱ्यांनी काय करायचं? अडीच इंची पट्ट्या, पाच इंची चौकोन. ते आधी धुणं तर शक्यच नाही, धुतले की झालर होते. खळ द्यायची की नाही?

टाचणी

कवडसा, फवारा देताना हे लक्षात घ्या की न धुतलेलं सुती कापड ओलावा आणि उष्णता मिळाली की आटतं, साधारण २ ते ५ टक्के. पाच इंचांचे २ टक्के म्हणजे एक दशांश इंच. वर सावलीने सोळांश इंचाचा हिशेब दिलाय, हे त्याहून जास्त आहे. आणि उभ्या-आडव्या दिशेला सारखं आटेल याचीही खात्री नाही.

म्हणून एकतर कोरडीच इस्त्री करा, नव्या कापडात कारखान्यातली खळ थोडीफार असतेच. किंवा आधी सगळे चौकोन फवारून, दाबून, सुकवून घ्या आणि मग मापून एका लहान मापाला छाटा. अर्धे फवारलेले आणि अर्धे कोरडे असं मिश्रण एका क्विल्टमध्ये करू नका. कातरी, म्हणजे दातेरी कापलेल्या, कडांच्या पट्ट्यांमध्ये माप शेंड्यापासून धरलंय की खाचेपासून, तेही कापण्याआधी बघून घ्या.

मोरपीस

पट्ट्यांवरून आठवलं. लांब पट्ट्या एकमेकींना जोडल्या की संच कमानीत वाकतो, त्याचं कारणही बऱ्याचदा इस्त्रीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इस्त्री ओढत नेली की वरची पट्टी ताणली जाते, खालची राहते. पट्टी बोर्डावर लांबीने न ठेवता आडवी ठेवा, एकेक टप्पा दाबा, सरकवा. आणि शिवताना एक पट्टी या टोकाकडून तर पुढची त्या टोकाकडून.

निशिगंध

मी थोडी वेगळ्या बाजूने बोलते. मी हाताने क्विल्टिंग करते आणि खळ दिलेल्या कापडातून हाताने सुई काढणं हा छळ आहे. कापड कुरकुरतं, सुई चिकटत चिकटत जाते, एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्यायचे तर अंगठा दुखून येतो. तीन थर, त्यात वरचा आणि खालचा दोन्ही कडक.

तुकडे जोडताना खळीचा फायदा मला दिसतो. पण हातकाम करणाऱ्यांनी हलकी खळ द्यावी, आणि अस्तराला अजिबात देऊ नये. जोडलेला वरचा भाग भराव घालण्यापूर्वी धुण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. कच्च्या माया सुटतात आणि दोऱ्यांचा गुंता होतो.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खळ दिलेलं कापड कपाटात साठवू नका. स्टार्च हे कसरीचं खाणं आहे. दमट हवेत बुरशीही धरते. महिनोन्महिने रखडणारं काम असेल तर आज लागेल तेवढ्यालाच खळ द्या, आणि क्विल्ट पुरा झाला की एकदा धुऊन सगळी खळ काढून टाका. न धुता भेट म्हणून दिलेल्या क्विल्टला घडीवर कसर लागली तर ज्याने जपून ठेवला त्याचाच तोटा.

सावली

निशिगंध, साठवणीचा मुद्दा मी वर लिहायलाच हवा होता. अगदी खरं. दमट हवेत खळ ओलावा ओढून मऊही पडते, म्हणजे तिचा उपयोगही जातो आणि धोका तेवढा राहतो.

अस्तराबद्दल मात्र मशीनवाल्यांचं उलट आहे. खळ दिलेलं अस्तर मशीनच्या पाट्यावर न अडखळता सरकतं आणि मागच्या बाजूला चुण्या पडत नाहीत. मोकळ्या हाताने, कापड चारी दिशांना फिरवत मशीन क्विल्टिंग करणाऱ्यांनी हे करून बघाच. बॉबिनच्या जागेतली लव आणि भुकटी मात्र मग जास्त वेळा साफ करावी लागते.

कवडसा

कागदावर छापलेल्या नमुन्यावर शिवताना वाफ चालेल?

टाचणी

नको. कागद ओलावा खाऊन आखडतो, नमुन्याचं माप बदलतं, कडा वळतात. छपाईची शाईही वाफेने कापडावर उतरू शकते. कोरडी इस्त्री आणि बोर्डावर एक जुनं कापड अंथरा. कापडाला आधीच खळ असेल तर मात्र या पद्धतीत फारच फायदा, कारण इथे तुकड्यांच्या कडा कशाही दिशेच्या असतात आणि कागद फाडून काढताना त्या ओढल्या जातात.

गोंद असलेलं फ्युजिंग चिकटवायचं असेल तिथे खळ पूर्ण टाळा. मधे पापुद्रा आला की गोंद धाग्यांना धरतच नाही आणि धुतल्यावर कडा उचलतात.

निशिगंध

ॲप्लिकसाठी, म्हणजे कापडावर कापडाचाच आकार शिवण्यासाठी, मात्र खळ मलाही हवी. पानाचा किंवा पाकळीचा आकार कापायचा, उष्णता सोसणाऱ्या साच्यावर ठेवायचा, आणि माया तेवढीच बारीक ब्रशने खळीत भिजवायची. मग इस्त्रीच्या टोकाने माया साच्यावर दुमडत न्यायची, जिथे बाहेरगोल आहे तिथे अगदी छोट्या छोट्या चुण्या घेत. सुकली की साचा काढून घ्या, दुमड जशीच्या तशी राहते आणि हाताने टाका घालताना सुईने आत ढकलत बसावं लागत नाही. टोकदार पानाला टोकाची माया आधी दुमडायची, मग दोन्ही बाजू. खळ फक्त मायेला असल्यामुळे पानाचा मधला भाग मऊच राहतो.

अबोली

इस्त्रीच्या तळाला तपकिरी काहीतरी चिकटलंय, ते या स्टार्चचंच असेल ना? आणि वाफेच्या भोकांतून कधीकधी मळकट पाणी येतं.

मोरपीस

तळाचं स्टार्चच. ओली खळ गरम तळाला लागली की तिथे करपते आणि पुढच्या कापडावर उतरते. इस्त्री बंद करून, कोमट असताना ओल्या कापडाने पुसा, गेलं नाही तर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून हलक्या हाताने. भोकांत पेस्ट जाऊ देऊ नका.

मळकट पाणी ही क्षारांची करामत. पाणी जड असेल तर टाकीत थर साठतो. कोणतं पाणी भरायचं ते इस्त्रीच्या माहितीपत्रकात असतं, काहींना ऊर्ध्वपातित पाणी लागतं, काहींना साधं. काम झालं की टाकी रिकामी करून ठेवा. आणि टाकीत स्टार्च घालायचं नाही, कितीही पातळ असलं तरी. वाफेची वाट कायमची तुंबते.

लोकरीचं जाड मॅट वापरत असाल तर त्यावर वाफ जपून. लोकर ओलावा धरून ठेवते आणि तो खाली टेबलात उतरतो. कोरड्या इस्त्रीला मात्र ते मॅट झकास, ते तापतं आणि खालूनही शेक मिळतो.

कवडसा

शेवटचं विचारते. बारा इंची ब्लॉक तयार आहेत, काही एका बाजूने कमी आहेत, काहींच्या कडा लहरतात. उसवायचं मन होत नाही. काही करता येईल?

सावली

येईल, आणि वाफेची खरी जागा हीच. ज्या गुणाने ब्लॉक बिघडतो त्याच गुणाने तो सरळ करायचा.

आधी दोन तपासण्या. ब्लॉकवर पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनच्या खुणा असतील तर त्या गार पाण्याने पूर्ण काढून घ्या, इस्त्री लागली की त्या कायमच्या बसू शकतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनचं उलट, ती शाई ६० अंशांच्या आसपास अदृश्य होते, पण खूप थंडीत पुन्हा उमटू शकते, म्हणून ती फक्त मायेत वापरलेली बरी. दुसरी तपासणी रंगाची. लाल किंवा गडद तुकड्याच्या कापडाची उरलेली कपटी घ्या, त्यावर ओलं पांढरं कापड ठेवून इस्त्री दाबा. पांढऱ्यावर रंग आला तर त्या ब्लॉकला वाफ देऊ नका, शेजारच्या फिक्या तुकड्यात उतरेल.

मग बोर्डावर साधं पांढरं कापड ताणून त्यावर १२.५ इंचांचा (बारा इंच आणि दोन्ही बाजूंची पाव-पाव इंच माया) चौकोन पेन्सिलने आखा, चारी कोन काटकोन हवेत. ब्लॉक उलटा ठेवून आधी चार कोपरे रेषेवर टाचा, मग चारी कडांचे मध्य, मग मधल्या जागा. कमी भरणारी बाजू हलकेच ओढून रेषेला आणा, लहरणारी कड बोटांनी आत सारून टाचण्यांमध्ये वाटून द्या. इस्त्री टेकवायची नाही, बोटभर वर धरून वाफ सोडायची, सगळीकडे. जास्तीचं कापड वाफेने आखडताना डोळ्यांना दिसतं. त्यावर हलकी खळ फवारलीत तर आकार आणखी धरून राहतो.

पूर्ण गार आणि कोरडा होईपर्यंत टाचण्या काढू नका, शक्यतो रात्रभर राहू द्या. फरक पाव इंचाच्या आत असेल तर हे जमतं. त्याहून जास्त असेल तर उसवणंच बरं, कारण ओढून बसवलेला ब्लॉक पहिल्या धुण्यात पुन्हा मूळ मापाला जातो. आणि टाचण्या काचेच्या डोक्याच्या घ्या, प्लास्टिकची डोकी वाफेने वितळून कापडाला चिकटतात.